श्वास धरा, सोडा

४ फेब्रुवारी

आज चिमणीने मला कामाला लावलं. बरं वाटलं. हे गेल्याला सात महिने होत आले. तेव्हापासून मला कोणी काम म्हणून सांगितलेलं नाही. सगळे फक्त 'जेवलात का' विचारतात.

चिमणी म्हणजे ह्यांची विद्यार्थिनी. खालचा दवाखाना आता तीच चालवते. शिकायला आली तेव्हा आवाज एवढासा, म्हणून हे तिला चिमणी म्हणायला लागले. आता ती पेशंटना दटावते तेव्हा वर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दुपारी जिना चढून वर आली ती ह्यांचं मशीन घेऊन. ते सहा वर्षांपूर्वी घेतलेलं, आवाज साठवणारं, इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप.

"काकू, यात नऊशे चौदा आवाज आहेत. कंपनी जुनं मशीन परत नेऊन नवं देतेय. सोळा मार्चला माणूस येईल. त्याच्या आत सगळं कॉम्प्युटरवर घेऊन, सरांच्या वहीशी ताडून नीट लावायचंय. चांगले आवाज मेडिकल कॉलेजला द्यायचे, मुलांना शिकायला. नावं काढून. पेशंटच्या सह्या सरांनी तेव्हाच घेतल्यात."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला कान आहेत. आणि सरांचं अक्षर तुमच्याशिवाय कुणाला लागत नाही."

हे मात्र खरं. एकतीस वर्षं खालच्या खिडकीत बसून केसपेपर मीच लिहिले. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी रूळ मारून मारून वळवलेलं माझं अक्षर आणि मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखं ह्यांचं. अर्धे पेशंट औषधाच्या दुकानात जाण्याआधी चिठ्ठी माझ्याकडून वाचून घ्यायचे.

६ फेब्रुवारी

मशीन हातात घेऊन बसले. बूटपॉलिशच्या डबीएवढी चकती, खाली ताणलेला पडदा, बाजूला निळा दिवा. छातीला लावायची, बटण दाबायचं, तीस सेकंद आवाज आत साठतो. ऐकताना तीन खुणा: 'हृदय', 'फुप्फुस' आणि 'दोन्ही'. 'हृदय'वर ठेवलं की तेवढाच खालचा जड आवाज येतो. 'दोन्ही'वर सगळाच गोंधळ, खोलीतला पंखासुद्धा. चिमणी म्हणाली, "'हृदय'वरच ठेवा, नाहीतर डोकं उठेल."

मशीनचं घड्याळ ह्यांनी कधी लावलंच नाही. सगळ्या आवाजांवर एकच तारीख, एक जानेवारी. असा हा माणूस. वहीत नंबर, नाव, वय आणि शेरा असे चार रकाने तेवढे आहेत.

प्रत्येक आवाजाची सुरुवात सारखी. टक्, टक्. मशीन जागं आहे ना, म्हणून हे बोटाने चकतीवर दोनदा वाजवून बघायचे. नऊशे चौदा वेळा टक् टक्. आज अर्धा तास मी तेवढंच ऐकलं. दोन टकटकी झाल्या की बंद करायचं, पुढचा नंबर लावायचा. काम काही पुढे सरकलं नाही. चिमणीला सांगितलं नाही.

त्यावरून आणखी एक आठवलं. पेशंटला "श्वास धरा" म्हटलं की हे स्वतःही धरायचे. गाल फुगवून. मी एकदा विचारलं, "तुम्ही कशाला धरता?" तर म्हणाले, "त्याला किती वेळ जमेल हे मला कसं कळणार? माझा संपला की समजायचं, त्याचाही संपला." एकदा एक पट्टीची पोहणारी आली. तिने धरला तो धरलाच. शेवटी हे लालबुंद होऊन म्हणाले, "बाई, सोडा आता. मला घरी बायको आहे."

९ फेब्रुवारी

आवाज कॉम्प्युटरवर कसे घ्यायचे ते दाखवायला कंपनीचा मशीनवाला आला होता. वहीत पहिल्या नंबरासमोर नाव नाही, वय नाही, काहीच नाही. मी विचारलं, हा कुणाचा?

तो हसला. "मॅडम, पहिला आवाज डॉक्टरांचाच असतो. मी इतक्या डॉक्टरांना मशीन दिलं, खोकं उघडलं की प्रत्येकजण आधी स्वतःच्या शर्टात हात घालतो. आणि स्वतःचं नाव कोण लिहितं?"

तो गेल्यावर दार लावून घेतलं. ह्यांच्या खुर्चीत बसले. कानात घातलं.

टक्, टक्.

मग ते.

काय लिहू. बेचाळीस वर्षं ज्या छातीवर डोकं टेकून मी नाही नाही त्या तक्रारी सांगितल्या, ती छाती पुन्हा कानाला लागली. तीस सेकंद. संपलं की पुन्हा. चहा निवला, साय धरली, तशीच ऐकत बसले.

१० फेब्रुवारी

सकाळी ऐकलं. दुपारी ऐकलं.

आवाज साधा 'धप् टप्' नाही. धप्, मग कोणी गरम चहावर हळूच फुंकर घालावी तसं काहीतरी, मग टप्. धप्–फू–टप्. ह्यांचं सगळंच जगावेगळं, तर हृदय तरी कसं चार लोकांसारखं असणार?

शाळेत गायनाच्या मदर म्हणायच्या, सूर काय सगळेच ऐकतात, मुलींनो, मधले थांबे ऐका. थांबा मोजायला चुकलं की बोटांवर पेन्सिल बसायची. तो कान अजून शाबूत आहे. मी ह्यांच्या हृदयातले थांबे मोजते.

१५ फेब्रुवारी

दोनशे चाळीसपर्यंत आले. कामाची आता गोडी लागली आहे. फुप्फुसांचे आवाज मजेदार. कुणाची शिट्टी, कुणाचं कानाजवळ केस चोळल्यासारखं करकर. एका पेशंटला बरोबर अठराव्या सेकंदाला ढेकर आली आहे; ह्यांचा शेरा: 'जेवून आला.'

नाव नसलेला पहिलाच नंबर नाही. एकोणीस, चौतीस, सत्तेचाळीस, असे अधूनमधून आणखी आहेत. सगळीकडे तीच फुंकर. शेऱ्यात एकच शब्द: 'तसंच.' म्हणजे हे दर काही दिवसांनी स्वतःचं ऐकत होते. मला काय माहीत! मला वाटायचं खाली वर्तमानपत्र वाचताहेत.

खाली दवाखान्यात आज दोनदा जाऊन आले. एकोणीस पायऱ्या. चढताना अकराव्या पायरीवर खिडकी आहे, तिथून रस्ता छान दिसतो. हल्ली मी तिथे जरा उभी राहते.

२२ फेब्रुवारी

आजचा दिवस नको होता.

चिमणीला मोठ्या कौतुकाने पहिला आवाज ऐकवला. तिने डोळे मिटून ऐकला. मग बिननावाचे सगळे एकामागून एक लावायला सांगितले. सत्तर निघाले, म्हणजे सहा वर्षांत महिन्याला एक. शेवटचा नंबर नऊशे अकरा. तिचा चेहरा बदलत गेला.

"काकू, ही झडप आहे. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप नीट मिटत नाहीये, रक्त मागे फिरतंय. पहिल्यात थोडंसंच आहे. पण शेवटच्यात पुष्कळ वाढलंय. हे सरांचं नाही."

"ह्यांचंच आहे."

"आम्ही शिकायला होतो तेव्हा सरांच्याच छातीवर सराव करायचो. ठणठणीत होतं."

"त्याला किती वर्षं झाली?"

तिने वही पुढे ओढली. नऊशे अकरासमोरचा शेरा तिला लागत नव्हता. मी वाचून दाखवला. 'वाढलंय. आता बोलायला हवं.'

म्हणजे सहा वर्षं ह्यांना ठाऊक होतं. सहा वर्षं माझ्यासमोर बसून जेवले, भांडले, माझ्या शब्दकोड्यात नाक खुपसलं, आणि आत हे घेऊन फिरत होते. बोलायला हवं! मग बोलला का नाहीत? नऊशे चौदाव्या आवाजानंतर वही कोरी आहे. मेंदूत रक्तस्राव झाला आणि तीन तासांत सगळं आटोपलं. बोलायला वेळच मिळाला नाही, की धीर झाला नाही?

रात्रभर त्यांच्याशी भांडले. उत्तर द्यायला कोणी नसलं की भांडण लवकर संपत नाही.

२४ फेब्रुवारी

भाऊजी आले होते. ह्यांचे धाकटे भाऊ. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, रोज वर्तमानपत्र वाचायला इथे येतात, कारण त्यांच्या घरी ते वाचायच्या आधी कोणीतरी भाजी निवडायला घेतं.

त्यांना सांगितलं तर खो खो हसले. "दादाला हृदयविकार? वहिनी, तो गेल्या वर्षीपर्यंत दोन दोन पायऱ्या एकदम चढायचा. मी खाली धापा टाकत, आणि हा वरून म्हणतो, 'येतोयस की पत्र पाठवू?'"

"मग हा आवाज कुणाचा?"

"असेल कोणी. दर महिन्याला गुपचूप येणारी, वहीत नाव न लिहिण्यासारखी." आणि डोळा मारला.

मी उशी फेकून मारली. नेम लागला. पण नंतर बराच वेळ छाती धडधडत राहिली. साठी उलटलेल्या बाईने उशा फेकू नयेत, हे खरं.

२५ फेब्रुवारी

चिमणी ऐकत नाही. म्हणते, "काकू, क्षणभर समजा, सरांचं नसेल. मग तो पेशंट कुठेतरी आहे. सात महिने त्याची छाती कोणी ऐकलेली नाही. शेवटचा आवाज चांगला नाहीये. आता त्याला धाप लागत असेल. आडवं झोपवत नसेल, उशा वाढल्या असतील. पाय सुजत असतील. त्याला वाटत असेल, वय झालं. आणि आपण इथे बसून वाद घालतोय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनीच शिकवलंय तिला असं, न पाहिलेल्या पेशंटसाठी हळवं व्हायला.

मी म्हटलं, "बरं. शोधू."

मनातून मला माहीत आहे, हे ह्यांचंच. ह्यांचे पाय कधी सुजले होते का, आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या पायांकडे नीट बघितलंच नाही. लाज वाटली.

२७ फेब्रुवारी

केसपेपरची कपाटं उघडली. दर महिन्याला येणारे, वयस्क, छातीचे. माझ्याच अक्षरातले साडेतीनशे कागद. निम्म्यांचे चेहरे डोळ्यांपुढे येतात. शिंपी, ज्याला स्टेथोस्कोप लावला की गुदगुल्या व्हायच्या. दोघी बहिणी, एकीलाच दमा आणि खोकायच्या दोघी. जे गेले त्यांचे कागद बाजूला काढले. तो गठ्ठा फार मोठा झाला.

गठ्ठे वर आणताना पायऱ्यांवर दोनदा बसावं लागलं. जड होते.

नवीन चपला घ्यायला हव्यात. या जुन्यांचे पट्टे आवळायला लागलेत, कातडं आकसलं असावं. गादीही बदलायला हवी. मधे खड्डा पडलाय, डोक्याखाली तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही.

१ मार्च, रविवार

महिन्याचा पहिला रविवार.

हे मशीन आलं तेव्हापासून हा ह्यांचा दिवस. माझी अंघोळ झाली, केस वाळवत बसले की हे चकती घेऊन यायचे. "जरा इकडे ये. मशीन नीट चाललंय का बघतो."

"खाली एवढे पेशंट असतात, त्यांच्यावर बघा."

"त्यांना लावण्याआधी नीट चाललंय हे कळायला नको?"

मग कोचावर डाव्या कुशीवर झोपायचं. बोटं बर्फासारखी. मी ओरडायचे. दोनदा टकटक. "श्वास घे. सोड. आता धर." मी धरायचे आणि समोरच्या भिंतीवरचा पोपडा बघत बसायचे, त्याचा आकार हुबेहूब बदकासारखा आहे. "झालं. चालतंय मशीन." आणि माझ्या ओल्या केसांवरून हात फिरवून जायचे. सहा वर्षं, एक महिना चुकला नाही. मला वाटायचं, एवढं काय या खेळण्याचं वेड! आणि एकीकडे हेही वाटायचं की माणूस म्हातारपणी अंगाला हात लावायला निमित्तं शोधतो, आणि आपण कशाला निमित्त मोडा.

आज केस धुतले. कोचावर बसून वाळवले. कोणी आलं नाही. बदक तिथेच आहे.

७ मार्च

शोध संपला. जिवंत असलेल्यांपैकी दर महिन्याला येणारे सतरा निघाले. चिमणीने एकेकाला बोलावून ऐकलं. त्या फुंकरीचा एकही नाही.

"एकही पेशंट सुटला नाही ना, काकू? आठवा. ज्याचा केसपेपर नाही असा कोणी?"

"माझ्या खिडकीसमोरून केसपेपरशिवाय कोणी आत गेलेलं नाही. ह्यांची सख्खी आत्या आली होती, तिचाही लिहिला मी. वय विचारलं म्हणून रुसली ती."

चिमणी हसली, पण थकलेली. मग एकदम म्हणाली, "तुम्ही का धापा टाकताय?"

"आत्ताच जिना चढून आले ना!"

"येऊन दहा मिनिटं झाली. बसा, ऐकू दे मला."

"डॉक्टरची बायको आजारी पडली तर दवाखान्याचं नाव जातं," मी म्हटलं आणि चहा टाकायला उठले. तिचा फोन वाजला, खाली कोणी पोरगं पडलं होतं. सुटले.

१२ मार्च

सोमवारी मशीन जाणार. सगळे आवाज कॉम्प्युटरवर उतरलेत, ह्यांचंही हृदय उतरलंय, तरी चकती जाणार म्हणून जीव कासावीस झाला. ह्यांच्या बोटांनी तिच्या कडेचा रंग गेलाय, अंगठ्याच्या मापाचा.

दुपारी वाटलं, एकदा रविवारसारखं करावं. कोचावर डाव्या कुशीवर झोपले. कानात घातलं, चकती दोनदा वाजवली, पदराखालून छातीला लावली.

धप्–फू–टप्.

मला वाटलं, चुकून ह्यांचा आवाज लागलाय. चकती उचलली. शांत. ठेवली. धप्–फू–टप्. पहिल्यापेक्षा मोठी फुंकर. नऊशे अकरासारखी. त्याहूनही मोठी.

पोपड्याच्या बदकाकडे बघत पडून राहिले.

या घरात एकाच माणसाचा केसपेपर नाही. लिहिणारीचा.

१५ मार्च

दोन दिवस लिहिलं नाही. मशीन हातात धरलं नाही. चिमणीला सांगितलं नाही. भाऊजी आले तर म्हटलं, डोकं दुखतंय.

म्हणजे ह्यांचं हृदय कुठेच नाही. नऊशे चौदा आवाज, शिंपी आहे, ढेकर देणारा आहे, रुसणारी आत्या आहे. हे नाहीत. त्या मशीनवाल्याने सांगितलं आणि मी महिनाभर स्वतःच्याच हृदयाला कान लावून बसले, स्वतःच्याच हृदयाशी बोलले. सकाळी उठल्यावर त्याला 'उठलात का' म्हटलं.

हे दुसऱ्यांदा गेले.

आणि राग येतो तो निराळाच. मला सांगायचं होतं ना! माझी आई हृदयानेच गेली, मी घाबरेन म्हणून नाही सांगितलं, दुसरं काय. आईनंतर मी वर्षभर स्वतःची नाडी मोजत फिरायचे, ते ह्यांनी पाहिलं होतं. म्हणून ती मोजणी ह्यांनी स्वतःकडे घेतली आणि मला बदकाकडे बघत ठेवलं. खोकं उघडलं की सगळे डॉक्टर स्वतःच्या शर्टात हात घालतात. ह्यांनी मला हाक मारली.

चिडावं की रडावं ते ठरत नाही. दोन्ही आळीपाळीने करते.

१६ मार्च

मशीनवाला दारात असताना चिमणीला म्हटलं, "तो पेशंट सापडला."

"कोण?"

मी खुर्चीवर बसले आणि ब्लाउजचं वरचं बटण काढलं.

तिने ऐकलं. बराच वेळ. मग चकती माझ्या छातीवर तशीच धरून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मशीनवाला बिचारा खोकं हातात घेऊन भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला.

३ एप्रिल

तपासण्या झाल्या. पडद्यावर माझी झडप पाहिली. वाऱ्यात नीट न लागणाऱ्या खिडकीच्या फळीसारखी फडफडते. सर्जन तरुण आहे, भराभर बोलतो. "झडप दुरुस्त होईल. पण उशीर नको. महिन्याभरात करून टाकू."

मी विचारलं, "मग हा आवाज?"

"जाईल की. पूर्ण जाईल. त्यासाठीच तर करायचं."

तो खुशीत सांगत होता. मी पर्स आवरली, म्हटलं, विचार करून कळवते.

बाहेर चिमणी भडकली. "यात विचार कसला, काकू? विचार कसला?"

तिला कसं सांगू? ह्यांच्या हातचं आता माझ्याजवळ काय उरलंय? चष्मा आहे, तो डोळ्यांशिवाय. खुर्ची आहे, ती पाठीशिवाय. हा एकच आवाज असा आहे की हे दर महिन्याला ऐकत होते आणि तो अजून चालू आहे. तोही काढून टाकायचा?

६ एप्रिल

भाऊजींनी आज थट्टा केली नाही. वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली. "वहिनी, दादाने तो आवाज आवडीने नाही ऐकला. दारात उभा असलेल्या चोरावर नजर ठेवावी तसा ऐकला. तुम्ही त्या चोराला आता चहा द्यायला निघालात."

मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं."

"नसेल कळत," ते म्हणाले. "पण दादा असता तर त्याने तुम्हाला टोपलीत घालून नेलं असतं." जाताना स्वतःचा कप स्वतः विसळून गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

९ एप्रिल

शेवटचा, नऊशे अकरावा, कॉम्प्युटरवर लावला. निरोप घ्यावा म्हणून, की न जाण्याचं कारण सापडावं म्हणून, माहीत नाही. कॉम्प्युटरवरही त्याच तीन खुणा आहेत; चुकून 'दोन्ही'वर होती.

टक्, टक्. मग खोली. पंखा. दूर रस्त्यावरची घंटी. त्याच्या मधून माझं धप्–फू–टप्, आणि माझा श्वास, येणारा, जाणारा. आणि त्याच्या मागे, अगदी जवळ, आणखी एक. नाकातून येणारा, टोकाला बारीक शीळ असलेला. बेचाळीस वर्षं त्या शिळेने माझी झोप मोडली. मी ती हजारांत ओळखीन.

मग सगळं थांबलं. माझा श्वास थांबला. आणि शीळही थांबली.

मी थांबा मोजला. मदरांनी शिकवला तसा. एक, दोन, तीन... नऊपर्यंत. खोलीत फक्त ती फुंकर चालू होती, आणि दोन माणसं गाल फुगवून तिच्याकडे कान लावून होती. मग मी सोडला. माझ्यानंतर ह्यांनी.

मी आधी. हे नंतर. पुन्हा लावून पाहिलं. मग पहिला लावला, चौतिसावा लावला, जितके होते तितके लावले. एकदाही ह्यांनी माझ्याआधी सोडलेला नाही. पेशंटच्या बाबतीत म्हणायचे, माझा संपला की त्याचाही संपला. माझ्या बाबतीत मात्र ताणून धरायचे, मी सुखरूप सोडेपर्यंत.

तर हे आहेत. माझ्या ठोक्यांच्या मागे, थांब्यांत.

सर्जनला फोन केला. म्हटलं, तारीख द्या.

मग वही काढली. सत्तर नंबरांसमोर नाव-वयाचे रकाने रिकामे होते. प्रत्येकात माझं नाव लिहिलं, सिस्टरांच्या वळणाने. वय लिहिताना एक-दोन वर्षं कमी करायचा मोह झाला. आत्याची आठवण झाली आणि खरं लिहिलं.

२२ एप्रिल

उद्या सकाळी. पिशवी भरली आहे. चिमणीने नवं मशीन वर आणलं होतं, म्हटलं, जुन्या आवाजाचा शेवटचा एक घेऊन ठेव. "कॉलेजला?" तिने विचारलं. "नाही," मी म्हटलं, "ह्यांच्या वहीला. नंबर नऊशे पंधरा."

शेरा मीच लिहिला. 'बोलून झालं.'

९ मे

चौथा दिवस घरी. छातीवर उभी शिवण आहे. भाऊजी म्हणतात, अगदी नीट घातलीय, कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी घातल्यासारखी. हसले की दुखतं, म्हणून त्यांना खोलीत यायला बंदी केली आहे. ते दारातून बोलतात.

एकच उशी घेऊन झोपते. खड्डा गादीत नव्हता तर.

आज चिमणी नवं मशीन घेऊन आली. मी कोचावर डाव्या कुशीवर झोपले, सावकाश, शिवण सांभाळत. तिने चकती आधी हातात घासून गरम केली. हे कधीच करत नसत. मग बोटाने वाजवली, दोनदा. ऐकायची एक नळी माझ्याही कानात दिली.

धप् टप्. धप् टप्. मधे काही नाही. स्वच्छ, नव्याने झाडलेल्या खोलीसारखं. मी ती फुंकर शोधत राहिले, सवयीने, जिना उतरल्यावरही पाय आणखी एक पायरी शोधतो तशी. नाही. गेली.

"सुंदर आहे, काकू," चिमणी कुजबुजली. "आता श्वास घ्या. सोडा. धरा."

मी धरला. बदकाकडे बघत होते. मग सहज तिच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले, कान माझ्या छातीत, आणि गाल फुगलेले. शिकवायचं म्हणून ह्यांनी हे तिला कधी शिकवलं नसणार. बघून बघून उचललं असेल पोरीने, तिला स्वतःलाही ठाऊक नसेल.

मला पुरे झालं होतं. सोडायला हरकत नव्हती. पण मी मुद्दाम जरा जास्तच वेळ धरून ठेवला. ती लाल व्हायला लागली, तेव्हा सोडला.